खांबेट्यांची सोबत

लक्ष्मीकांत खांबेट्यांनी त्या परीक्षेला बसायचं काही एक कारण नव्हतं. वय सत्तेचाळीस. कुवेतमध्ये मंगफला दोन बेडरूमचं घर, मीना अब्दुल्लाकडच्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत पंधरा वर्षांची नोकरी, आणि कार्डावर ‘सीनियर प्लॅनिंग इंजिनिअर’ अशी सोनेरी अक्षरं. त्यातला ‘इंजिनिअर’ हा शब्द एका डिप्लोम्याच्या टेकूवर उभा होता हे खरं. पण पंधरा वर्षांत तो टेकू कुणी हलवून पाहिला नव्हता. अशा माणसानं एका जुलै महिन्यात, अठरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, हातात कच्च्या आकडेमोडीची कोरी पेन्सिल घेऊन का उभं राहावं? तर त्यांच्या भाषेत सांगायचं म्हणजे, सोबत म्हणून.

परीक्षा नीलाची होती. नीला त्यांची बायको. फहाहीलच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. एकोणीस वर्षं वॉर्डात उभं राहून आणि अवजड देहाचे पेशंट या कुशीवरून त्या कुशीवर वळवून तिच्या पाठीनं आता जाहीर तक्रार सुरू केली होती. हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात एक खुर्ची रिकामी होणार होती. मेट्रननं सांगितलं होतं, “एखादा मॅनेजमेंटचा डिप्लोमा कर, मी तुझं नाव पुढं करते.” तिच्याच वॉर्डातल्या सोलापूरच्या मुमताजनं एका अमेरिकन धर्तीच्या कॉलेजचं माहितीपत्रक आणलं. हॉस्पिटल मॅनेजमेंट, दोन वर्षं, वर्ग संध्याकाळी. आधी एक अल्जिब्राची प्लेसमेंट टेस्ट. चांगले गुण मिळाले तर थेट अभ्यासक्रमाला. नाही मिळाले तर पायाभूत गणिताचे वर्ग करा, मग या.

२००७ सालच्या मे महिन्यातल्या एका शुक्रवारी नीलानं ते पत्रक नवऱ्यापुढं ठेवलं. “अहो, तुमच्या ऑफिसच्या वाटेवर नाही, पण एकदा साल्मियाला जाऊन एवढा फॉर्म आणाल का?”

तिचं मागणं एवढंच होतं. फॉर्म. खांबेट्यांनी फॉर्म आणला असता आणि तिथंच थांबले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण खांबेटे प्लॅनर होते. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “बीजगणित म्हणजे काय गंमत नाही. पाया लागतो. तू बारावी होऊन किती वर्षं झाली?”

“चोवीस.”

“बघ. सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल. मी घेतो.”

नीला काहीतरी म्हणणार होती. मग म्हणाली, “बरं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरवर नऊ आठवड्यांचा आराखडा छापून आणला. रिफायनरीच्या शटडाऊनसाठी करतात तसा: आडव्या पट्ट्या, लाल रेघा, अपूर्णांक कधी, समीकरणं कधी, कुणामुळे काय अडणार. तो फ्रीजवर चिकटवला. फ्रीजचं दार त्यामुळे नीट लागेना आणि आठवड्याभराचं दूध नासलं. पण मोठ्या प्रकल्पात असं थोडंफार व्हायचंच. मग लागला फळा. फहाहीलच्या बाजारातून चार फुटी पांढरा फळा आला आणि खांबेट्यांनी शेजारून ड्रिल मशीन आणून तो जेवणघराच्या भिंतीवर स्वहस्ते बसवायला घेतला. तिसऱ्या भोकाला भिंतीतून पाणी आलं. मे महिन्यात कुवेतच्या नळाला थंड पाणी येत नाही. भिंतीतूनही येत नाही. कढत पाण्याची सरळ चिळकांडी प्लॅनिंग इंजिनिअरच्या छातीवर आली.

मुख्य कॉक कुठं आहे हे शोधण्यात वीस मिनिटं गेली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे दिनकर सुरवसे टॉवेल गुंडाळून वर आले आणि त्यांच्यामागोमाग इमारतीचा राखणदार, इजिप्तचा कमाल. कमालनं भिंतीकडे पाहिलं, ड्रिलकडे पाहिलं, ओल्याचिंब खांबेट्यांकडे पाहिलं. “या मुहंदिस!” एवढंच म्हणाला. म्हणजे, अहो इंजिनिअरसाहेब. तसा शब्द आदराचाच. पण कमालनं त्यातला मधला भाग असा लांबवला की खांबेट्यांना तो पुढं महिनाभर कानात ऐकू येत राहिला.

सुरवसे परभणीचे. एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर. माणूस भला, पण सल्ला द्यायचा राहिला तर त्यांना जेवण जात नसे. स्वतःच्या स्वयंपाकघराचं छत गळत असताना ते खांबेट्यांच्या खुर्चीत बसले आणि फळ्याचं प्रयोजन विचारून घेतलं.

“वहिनी परीक्षेला बसायल्या? लई भारी! काही टेन्शन घेऊ नका. माझा मेव्हणा अमेरिकेत हाय ना, तो म्हनतो, हे सगळं चार पर्यायाचं असतंय. येत नसलं की डोळे झाकून ‘सी’ टिचकवायचा. सी कधी धोका देत नाय.”

“आम्ही पाया पक्का करतोय,” खांबेटे गंभीरपणे म्हणाले.

“पाया करा की. पन सी ध्यानात ठेवा.”

फळा अखेर भिंतीला टेकवून जमिनीवर उभा राहिला, त्यामुळे खांबेट्यांना शिकवताना ओणवं व्हावं लागे. नीला ड्यूटीवरून साडेतीनला यायची. कुकर लावून, पाठीला पिशवीचा शेक घेत ती साडेपाचला समोर बसायची आणि खांबेटे ओणव्यानं ‘क्ष म्हणजे काय’ इथून सुरुवात करायचे. पहिले दोन आठवडे बरे गेले, कारण क्ष म्हणजे काय यावर कुणाला वाद घालता येत नाही. अडचण तिसऱ्या आठवड्यात आली, असमीकरणांपाशी.

फळ्यावर होतं: उणे दोन क्ष, सहापेक्षा मोठा. खांबेट्यांनी दोन्ही बाजूंना उणे दोननं भागलं आणि झोकात लिहिलं: क्ष, उणे तीनपेक्षा मोठा.

नीलानं वहीतून मान वर केली. “अहो, उणे संख्येनं भागलं की चिन्ह उलटं होतं ना?”

“कशाला उलटं होईल?”

“होतं असं आठवतंय मला. आम्हाला बाई सांगायच्या. उणे पाच ठेवून बघा की क्षच्या जागी, बरोबर येतं. पण तुमच्या उत्तरात ते बसतच नाही.”

त्यांची चौदा वर्षांची स्वरा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिनं पुस्तकातून डोकंही न काढता सांगितलं, “बाबा, शी इज राइट. फ्लिप होतं ते.”

आता इथं एखादा शहाणा माणूस ‘अरेच्चा’ म्हणून फळा पुसता. खांबेट्यांनाही ते कळत होतं. मनातल्या मनात त्यांनी उणे पाच ठेवून पाहिलाही होता. पण समोर बायको, बाजूला मुलगी, आणि भिंतीत तीन भोकं. ते म्हणाले, “ती शाळेतली पद्धत झाली. आपण कॉलेजची तयारी करतोय. एकेक पायरी जाऊ द्या. मध्ये मध्ये बोललं की साखळी तुटते.”

नीलानं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग वहीत त्यांनी लिहिलं होतं तसंच उतरवून घेतलं आणि म्हणाली, “बरं.”

त्या दिवसापासून तिनं त्यांची एकही चूक काढली नाही. खांबेट्यांना वाटलं, शिकवणी रुळावर आली. मुमताजही त्याच परीक्षेला बसणार होती आणि खरा अभ्यास नीला तिच्याबरोबर वॉर्डातल्या चहाच्या सुट्टीत करत होती. हे त्यांना फार उशिरा समजलं.

मध्ये कागदपत्रांची लढाई झाली. नीलाची दहावी-बारावीची प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची, नीला शांताराम बिवलकर. कुवेतच्या ओळखपत्रावर, म्हणजे सिव्हिल आयडीवर, नीला लक्ष्मीकांत खांबेटे. म्हणजे अरबी भाषांतर, त्यावर शिक्का, लग्नाचा दाखला, त्याचंही भाषांतर, त्यावर निराळा शिक्का. खांबेट्यांनी हे सगळं अंगावर घेतलं. मंगफच्या मशिदीमागं टायपिंगचं दुकान चालवणारा फारूक हैदराबादचा. त्यानं खांबेट्यांचं आडनाव अरबीत ऐकू येईल तसं लिहिलं. कॉलेजच्या कारकुनानं ते परत इंग्रजीत आणलं तेव्हा त्याचं ‘खंबाती’ झालं होतं, आणि तेही फक्त नवऱ्याचं. बायको खांबेटेच राहिली. तीन चकरा मारल्या, पण खंबाती काही सुटले नाहीत.

पण त्या दुकानातली खरी गोष्ट वेगळीच. फारूकनं टाइप करता करता नीलाचं दहावीचं गुणपत्रक उजेडाकडे धरलं. “माशाल्ला साब! बेगमसाहिबा हिसाब में बहुत तेज हैं. डेढ सौ में एक सौ तैंतालीस!”

खांबेट्यांनी कागद घेतला. गणित, दीडशेपैकी एकशे त्रेचाळीस. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. लग्न ठरताना त्यांनी तिची उंची विचारली होती, कुवेतचा व्हिसा मिळेल का विचारलं होतं. हा कागद कधी पाहायला मागितला नव्हता. तिनंही कधी दाखवला नव्हता, कारण कुणी आपण होऊन आपलं दहावीचं गुणपत्रक नवऱ्याला दाखवत फिरत नाही. राजापूरच्या शाळेतल्या त्या हुशार मुलीला तिच्या वडिलांनी नर्सिंगला घातलं, कारण नर्सिंगला राहायला मिळायचं आणि विद्यावेतन होतं. एवढं त्यांना माहीत होतं. इतकी हुशार, हे माहीत नव्हतं.

“आपका भी लाए क्या साब?” फारूकनं विचारलं. खांबेट्यांचे एक्याण्णव होते. “मेरा जरूरत नहीं,” ते म्हणाले आणि कागदांचा गठ्ठा उचलून बाहेर पडले.

त्या संध्याकाळी त्यांना हे बोलून दाखवता आलं असतं. नुसतं, “नीला, तुला एकशे त्रेचाळीस होते?” असं म्हणायचं होतं. त्याऐवजी ते गुणाकाराच्या उजळणीला बसले.

जूनअखेर सुरवसे पुन्हा वर आले. आता त्यांच्या छताला नवा रंग झाला होता आणि त्यामुळे ते खांबेट्यांच्या प्रकल्पाला आपलाच मानू लागले होते. “साहेब, एक सांगू का? वहिनी एकट्या घाबरतेल. तिथं सगळी कॉलेजची पोरं. तुम्ही बी बसा की सोबत. फी काय फार नाही. तुमच्यासारखा इंजिनिअर मानूस शेजारी असला की त्यांना धीर यील.”

“कशाला?” नीला चहा ठेवत म्हणाली. “मी नाही घाबरत.”

पण खांबेट्यांच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं होतं: निकालाचा कागद, त्यावर त्यांचं नाव वर, नीलाचं खाली पण सन्मानानं, आणि तो कागद फ्रीजवर. एक्याण्णवचा हिशेब तीस वर्षांनी चुकता. “सुरवसे म्हणतात त्यात तथ्य आहे,” ते म्हणाले. “सोबत म्हणून बसतो.”

कॉलेजची खोली बर्फासारखी थंड, बाहेर पन्नास डिग्री. खांबेटे आत शिरले तेव्हा चष्म्यावर घाम ओघळत होता. शेजारच्या संगणकावर एक कुवेती पोरगा च्युइंगगम चघळत होता; त्यानं खांबेट्यांना पाहून आदरानं खुर्ची दिली आणि विचारलं, “सर, टेस्ट कधी सुरू करणार?” खांबेट्यांनी ‘मी पण परीक्षार्थीच’ हे चष्मा पुसता पुसता सांगितलं.

पहिले आठ प्रश्न गेले. नववा होता: उणे चार क्ष, बारापेक्षा मोठा. चार पर्याय. एकात चिन्ह उलटं, एकात सुलटं. खांबेट्यांना उत्तर येत होतं. हे नीट ध्यानात घ्यायला हवं. त्यांना ते स्वच्छ येत होतं. पण दोन संगणक पलीकडे नीला बसली होती, आणि त्यांच्या हातून सुलटं चिन्ह टिचकलं गेलं. आपण चुकीचं टिचकवतोय आणि ते कुणी पाहतही नाहीये, हे त्यांना बोट उचलेपर्यंत कळलं; तोवर पडद्यावर दहावा प्रश्न आला होता. त्यानंतर चित्त उडालं ते उडालं. वर्गमुळांच्या ठिकाणी सुरवशांचा ‘सी’ आठवला. सीनं धोका दिला. लागोपाठ सहा वेळा.

निकाल तिथल्या तिथं छापून मिळायचा. समुपदेशक बाई लेबनानच्या, हसतमुख. त्यांनी नीलाचा कागद पाहून भुवया उंचावल्या. अल्जिब्रातून पूर्ण सूट. थेट संख्याशास्त्राला बसा. मग दुसरा कागद घेतला, आणि त्यांचा आवाज हॉस्पिटलात असतो तसा मऊ झाला.

“मिस्टर खंबाती, डोंट वरी. पायाभूत गणित, स्तर शून्य. आमच्याकडं या वर्गाला फार पेशन्स असलेले सर आहेत.”

शून्य. एकही नाही, शून्य. दोघं गाडीत बसून निघाली. मंगफच्या वळणाशी नीला म्हणाली, “कॉम्प्युटरवरचं वेगळंच असतं. सवय नाही ना तुम्हाला.” हे चूक काढणं नव्हतं, दया होती, आणि खांबेट्यांना चूक काढण्याहून दया अधिक असह्य होती.

नीलानं कुणाला काही सांगितलं नाही. स्वरानं फक्त एका मैत्रिणीला सांगितलं, ती सुरवशांची पुतणी निघाली. दुसऱ्या दिवशी सुरवसे सांत्वनाला आले. “साहेब, शून्य म्हंजे पायाच झाला की. तुम्ही पाया पक्का म्हनतच होता!” त्यांना खरंच बरं वाटावं म्हणून म्हटलेलं होतं ते. कमाल जिन्यात भेटला आणि नेहमीप्रमाणे “या मुहंदिस” म्हणाला, तर खांबेट्यांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. फ्रीजवरचा आराखडा त्यांनी स्वतः काढला. दार नीट लागायला लागलं. नीलानं त्या आठवड्यात दोनदा पुरणपोळी केली, आणि खांबेट्यांना प्रत्येक घासाला वाटलं, ही आपल्याला आजारी समजतेय.

आता फक्त प्रवेशाचा फॉर्म द्यायचा राहिला होता. शेवटची तारीख होती शनिवार, एक सप्टेंबर. पण त्याच दिवसापासून कुवेत सरकारनं आठवड्याची सुट्टी बदलली. गुरुवार-शुक्रवारच्या जागी शुक्रवार-शनिवार. सगळा देश बोटं मोजत होता. मुमताजनं वॉर्डात सांगितलं, शनिवारी आता बंद. फॉर्म बुधवारी दुपारी एकच्या आत द्यायचाय. नीलाची बुधवारी सकाळची ड्यूटी होती.

“मी देतो,” खांबेटे म्हणाले. “कागदपत्रं पहिल्यापासून मीच बघतोय.”

“नक्की जमेल ना?”

“दहा मिनिटांचं काम आहे.”

बुधवारी ते साडेअकराला ऑफिसातून निघाले. फॉर्म शेजारच्या सीटवर, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये. रस्ता मोकळा होता. बारा वाजून वीस मिनिटांनी ते कॉलेजच्या फाटकासमोर पोचले, एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत गाडी लावली आणि एसी चालू ठेवला.

उतरले नाहीत.

घाम जाऊ दे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग रेडिओवर बातम्या लागल्या, त्या संपू दे म्हणाले. फाटकातून आत जायचं म्हणजे त्या समुपदेशक बाईंच्या काचेसमोरून जावं लागणार. त्या हसून विचारणार, मिस्टर खंबाती, तुमच्या वर्गाचं काय ठरलं? मग बारा चाळीस झाले. खांबेट्यांनी फाइल मांडीवर घेतली. नीलाच्या अक्षरात नाव लिहिलं होतं, नीट, गोल, शाळेत लिहितात तसं. दोन वर्षं ती संध्याकाळी जाणार. मग तिला खुर्ची मिळणार. मग घरी येणाऱ्यांना सांगायचं, ही क्वालिटीत आहे, आणि हे? हे शून्यात आहेत. असा विचार त्यांनी केला असं नाही. एवढं मात्र खरं, की एक वाजायला पाच मिनिटं असताना त्यांचा हात दाराच्या कडीवर होता आणि कडी ओढली गेली नाही.

एक वाजून चार मिनिटांनी ते उतरले, आणि धावले. खरंच धावले; सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पायात ऑफिसचे बूट, डांबर वितळेल असं ऊन. धावताना त्यांच्या मनात स्पष्ट होतं की ‘मी धावलो’ हे घरी खरं सांगता आलं पाहिजे. फाटकावरच्या रखवालदारानं हात हलवला. “खलास, बाबा. खलास.”

नीला साडेतीनला घरी आली ती हसतच. खांबेटे दारातच म्हणाले, “बंद झालं होतं. चार मिनिटांनी चुकलं. मी धावलो, पण नाही घेतला.”

तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. मग तिनं माठातलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिलं. “असू दे. एवढ्या उन्हात कशाला धावलात? काही झालं असतं म्हणजे.”

ते पाणी खांबेट्यांना प्यावं लागलं.

मुमताजचे वर्ग सुरू झाले. नीला पुन्हा पेशंट वळवू लागली. डिसेंबरात तिच्या कमरेला पट्टा आला. तो पट्टा ती सकाळी बांधायची तेव्हा खांबेटे पेपरमागं जायचे. क्वालिटीतली खुर्ची जानेवारीत एका केरळी मुलीला मिळाली. नीलानं ती बातमी जेवताना सांगितली, चांगली मुलगी आहे म्हणाली, आणि भाजी वाढली. खांबेट्यांच्यानं आणखी सोसवेना.

“नीला,” ते म्हणाले, “मी त्या दिवशी वेळेत पोचलो होतो.”

तिनं डाव खाली ठेवला.

“चाळीस मिनिटं गाडीत बसलो. उतरलोच नाही. एक वाजून गेल्यावर उतरलो.” मग घाईघाईनं म्हणाले, “चुकलं माझं. तुला काय बोलायचं ते बोल.”

नीलानं भाजीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. बोलली तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

“आदल्या दिवशी मुमताज म्हणत होती, दे, माझ्याबरोबर तुझाही फॉर्म देते. मीच नको म्हटलं. म्हटलं, हे देतील. परीक्षेचं मनाला लावून घेतलंय, एवढं काम त्यांच्या हातून झालं तर बरं वाटेल त्यांना.”

खांबेट्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“वॉर्डात सगळ्यांना सांगितलं होतं मी. आमचे गेलेत, काम झालंच म्हणून समजा.” ती उठली. “हे सांगायला नको होतंत मला. धावलात तेच बरं होतं.”

कबुली दिली की माणसाला हलकं वाटतं, असं खांबेटे समजून होते. हलकं कुणालाच वाटलं नाही. ओझं त्यांच्या खांद्यावरून उचलून त्यांनी ते तिच्या पट्टा बांधलेल्या कमरेवर ठेवलं होतं, एवढंच झालं. ती भांडली नाही. त्यानंतर ती कशालाच भांडली नाही. खांबेट्यांनी भाजी आणली, बरं. चुकीचा रस्ता घेतला, बरं. स्वराच्या शाळेच्या सभेला तासभर उशिरा पोचले, बरं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं पुन्हा परीक्षा दिली. आधीच्या निकालाची मुदत संपली होती. कधी दिली, हे खांबेट्यांना ठाऊक नाही. सप्टेंबरात एका रविवारी ती म्हणाली, “उद्यापासून सोमवार-बुधवार मला यायला आठ वाजतील. कॉलेज आहे.”

“अरे वा! मी सोडत जाईन.”

“नको. बस आहे.”

“एवढ्या उन्हात बस कशाला? ऑफिसातून मी चारला निघू शकतो.”

“बस मिळते मला,” ती म्हणाली. रागानं नाही. बस खरोखरच मिळत होती.

दोन सोमवार आणि एक बुधवार खांबेट्यांनी गॅलरीतून बस पाहिली. चौथ्या खेपेला त्यांना राहवलं नाही. ते गाडी काढून बसच्या मागं निघाले. काय करायचं ठरवलं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बस प्रत्येक थांब्यावर थांबायची, तेही थांबायचे; मागचे लोक हॉर्न मारायचे, एका टॅक्सीवाल्यानं काच खाली करून अस्सल पेशावरी शिवी दिली. मागच्या खिडकीत नीलाचं डोकं दिसत होतं, खाली झुकलेलं, वाचत होती. साल्मियाला उतरल्यावर तिनं त्यांची गाडी ओळखली आणि खिडकीशी आली.

“इकडं कुठं?”

“काम होतं जरा. परतताना नेऊ का?”

“मुमताजचे मिस्टर येतात, ते सोडतात. तुम्ही जा, स्वरा एकटी आहे.” आणि ती आत गेली. त्या समुपदेशक बाईंच्या काचेसमोरून गेली, बाईंनी हात केला, तिनंही केला.

खांबेटे घरी आले. स्वरा म्हणाली, “आय ॲम हंग्री.” त्यांनी फ्रीज उघडला, बंद केला, तांदळाचा डबा शोधला. मग मुलीला विचारून विचारून त्यांनी आयुष्यातला पहिला कुकर लावला. त्या दिवशी वरण करपलं. पुढच्या सोमवारी भाताची पेज झाली. पण ते दर सोमवारी आणि बुधवारी लावत राहिले. नीला आठला येऊन हातपाय धुवून बसायची, समोर येईल ते जेवायची आणि विचारलं तर म्हणायची, “बरं झालंय.” करपलं तरी बरं, कच्चं राहिलं तरी बरं. खांबेटे ताट पुसून गेलेलं बघायचे आणि त्यांना कळायचं की यातलं काहीही बरं झालेलं नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी तिनं आमटीचा पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

पावणेदोन वर्षांत तिनं काढलेली ती पहिली चूक. खांबेटे खुर्ची मागं ढकलून असे उठले की स्वरा दचकली. मिठाची बरणी नेहमीच्या जागी नव्हती. ओट्याखालीही नव्हती. वरच्या फळीवर साखर होती, पिठीसाखर होती, सैंधव होतं, मीठ नव्हतं. शेवटी ती मसाल्याच्या डब्यामागं सापडली. खांबेटे चमचा आणि बरणी घेऊन बाहेर आले.

तोवर नीलाचं जेवून झालं होतं.